आधी कागद, मग कुदळ

मंडळी, "घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून" ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. दोन्ही कामांत पैसा लागतो, माणसे लागतात आणि मनस्तापही होतो. नवे घर बांधायचा योग सगळ्यांना येत नाही. पण आहे ते घर वाढवण्याची वेळ बहुतेकांवर येते. मुलाचे लग्न ठरले, एक खोली वाढवा. पडवी गळते, पत्रा काढून स्लॅब टाका. म्हातारी माणसे आहेत, घरालगत संडास आणि न्हाणी बांधा. अशी कामे गावात दर उन्हाळ्यात चाललेली असतात.

काम सुरू होताना सगळे खुशीत असतात. नारळ फुटतो, पेढे वाटतात. मिस्त्री म्हणतो, "अण्णा, काही काळजी करू नका, घरचेच काम आहे." अण्णाही म्हणतात, "तुमच्यावर विश्वास आहे." आणि कागद मात्र कोणी करीत नाही. पुढे दोन महिन्यांनी त्याच अण्णांचे आणि त्याच मिस्त्रीचे तोंडही एकमेकांकडे होत नाही.

आता आपण लिहायला वाचायला शिकलो आहोत. त्या शिकण्याचा उपयोग अशाच ठिकाणी करायचा. घर वाढवताना कोणते कागद पाहावेत, कोणाला विचारावे, मिस्त्रीशी करार कसा करावा आणि काम बिघडले तर कोठे जावे, हे या धड्यात पाहू.

१. घर कोणाचे?

कुदळ मारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. ज्या जागेवर आपण खर्च करणार, ती जागा कोणाची आहे?

तुम्ही म्हणाल, "हे काय विचारणे? घर आमचेच. आजोबांपासून राहतो." खरे आहे. पण आजोबांचे घर असेल तर त्यात चुलते, भाऊ आणि बहिणी यांचाही हिस्सा असू शकतो. वाटणी झालेली नसेल तर घर सगळ्यांचे सामाईक असते.

कित्येकांना वाटते, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर माझे नाव आहे, म्हणजे मीच मालक. असे नाही. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद आहे. पट्टी कोणाकडून घ्यायची हे ती सांगते. तेवढ्यावरून मालकी ठरत नाही. थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागले म्हणून धाकट्याचा हिस्सा जात नाही.

बहिणींचेही तसेच. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली तशी दुरुस्ती झाली. मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे, आणि २००५ साली वडील हयात नसले तरी तो जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. तेव्हा "बहीण लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध?" हे बोलणे आता चालत नाही.

मग धाकट्या भावाने स्वतःच्या पैशाने सामाईक घरावर दोन खोल्या चढवल्या तर त्या कोणाच्या? भांडण येथेच होते. पैसे एकाचे, जागा सगळ्यांची. उद्या वाटणीचा दावा झाला तर त्याचे पैसे पुरे धरले जातील असा भरवसा देता येत नाही. म्हणून आधीच सगळ्यांनी बसावे. बहिणींनाही बोलवावे. कोण किती खर्च करणार, वाढीव खोली कोण वापरणार, पुढे वाटणी झाली तर त्या खर्चाचे काय, हे लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात.

मात्र एक लक्षात ठेवा. एखाद्या भावाला किंवा बहिणीला आपला हिस्सा कायमचा सोडायचा असेल, तर घरी लिहिलेला साधा कागद पुरत नाही. हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. आणि हक्क सोडायचा तो समजून, राजीखुशीने. भाऊबीजेच्या दिवशी ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवून बहिणीचा अंगठा घेणे हे बरे नव्हे.

जागेचा पक्का कागद कोणता? जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असते. गावठाणात पूर्वी असे कागद नसत. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याची ही योजना आहे. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर ही पत्रिका काढून घ्या. तिच्यावरचे नाव आणि क्षेत्र वाचा. नाव चुकले असेल तर बांधकामाआधीच दुरुस्तीचा अर्ज करा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणखी जपावे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने पक्के बांधकाम केले, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याखाली घर खाली करून घेण्यास मालकाला ते एक कारण मिळते. आपल्याच पैशाने मोरी बांधायची आणि तिच्यापायी घर सोडायचे, असे व्हायला नको.

२. परवानगी

रंग देणे, गिलावा करणे, फरशी बदलणे, कौले चाळणे ही नुसती दुरुस्ती झाली. अशा कामाला सहसा परवानगी लागत नाही. पण खोली वाढवणे, मजला चढवणे, भिंत पुढे घेणे किंवा घर पाडून पुन्हा उभारणे हे बांधकाम झाले. त्यासाठी गावात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे जावे लागते.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही थोडे भाग सोडून राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली आहे. लहान घरांसाठी तिच्यात सवलती आहेत. कोणत्या घराला फक्त कळवणे पुरते आणि कोणाला पुरी परवानगी लागते, हे प्लॉटच्या आकारावर आणि जागेवर ठरते. म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेबांना भेटा. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. नुसते तोंडी विचारू नका. अर्ज द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. "सरपंच हो म्हणाले" ही परवानगी नव्हे. सरपंच पाच वर्षांनी बदलतात. कागदावरचा शिक्का बदलत नाही.

शेतजमिनीवर घर बांधायचे असेल तर नियम वेगळे आहेत. तहसील कचेरीत चौकशी केल्याशिवाय शेतात पाया खणू नका. महामार्ग, रेल्वे, धरण किंवा समुद्रकिनारा जवळ असेल तर त्या त्या खात्याचेही नियम पाहावे लागतात. घरावरून विजेची तार जात असेल आणि मजला चढवायचा असेल, तर आधी वीज कंपनीच्या कचेरीत अर्ज द्या. तारेखाली सळई उभी करताना माणसे दगावतात. येथे प्रश्न नुसता कायद्याचा नाही, जिवाचा आहे.

३. शेजारी

घर आपले असले तरी भिंतीपलीकडे शेजारी आहे. चार गोष्टी पाहा.

पहिली, सामाईक भिंत. दोन घरांमध्ये एकच भिंत असेल तर तिच्यावर तुळई ठेवण्याआधी किंवा ती उंच करण्याआधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्या.

दुसरी, उजेड आणि वारा. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. शेजाऱ्याच्या खिडकीतून त्याच्या घरात वीस वर्षे बिनतक्रार, हक्काने उजेड आणि वारा येत असेल, तर तो त्याचा हक्क होतो. आपण अगदी खिडकीला लागून भिंत उभी केली तर तो कोर्टात जाऊन काम थांबवू शकतो.

तिसरी, पाणी. आपल्या पत्र्याच्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडता कामा नयेत. पन्हळ लावून पाणी आपल्याच हद्दीत उतरवा.

चौथी, पाया. शेजाऱ्याच्या भिंतीलगत खोल खणताना त्याच्या पायाखालची माती ढासळली, तर भरपाई आपल्यावर येते. मातीची जुनी भिंत असेल तर थोडे थोडे खणावे आणि लगेच भरून घ्यावे.

शेजाऱ्याला आधी सांगितले तर तो बहुधा हो म्हणतो. न सांगता खणले तर तोच मनुष्य अर्ज घेऊन पंचायतीत उभा राहतो.

४. तोंडी करार आणि लेखी करार

आपल्याकडे कराराचा कायदा १८७२ सालचा आहे. त्या कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. दोघेही सज्ञान असावेत, शुद्धीवर असावेत, राजीखुशीने कबूल झालेले असावेत आणि काम कायदेशीर असावे, म्हणजे झाले. मग कागद कशाला? कागद पुराव्यासाठी. तोंडी बोलणे खरे असले तरी ते शाबीत कसे करणार?

आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याची हकिकत सांगतो. त्याने घराला एक खोली वाढवायला काढली. आतून बारा फूट लांब, दहा फूट रुंद. माल मालकाचा, मजुरी मिस्त्रीची. दर ठरला "तीनशे रुपये फूट". कागद केला नाही. जुन्या घराची मागची भिंत फोडली, नवीन भिंती उभ्या राहिल्या. आता स्लॅब टाकायचा, तेवढ्यात हिशेबावरून तंटा लागला.

मालकाने खोली आतून मोजली. १२ गुणिले १० म्हणजे १२० चौरस फूट. दर तीनशे. मजुरी झाली ३६,००० रुपये.

मिस्त्रीने खोली बाहेरून मोजली. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी धरली की लांबी साडेतेरा फूट आणि रुंदी साडेअकरा फूट. गुणाकार १५५ चौरस फूट आणि वर पाव. मजुरी झाली ४६,५७५ रुपये.

फरक १०,५७५ रुपयांचा. दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते. "फूट" कोठून मोजायचा हेच ठरले नव्हते. मिस्त्री फळ्या, बल्ल्या घेऊन दुसऱ्या कामावर निघून गेला. मृग लागला. फोडलेल्या भिंतीतून पाणी घरात आले. भिजलेले धान्य उन्हात घालायला ऊनही नव्हते. त्याच्या म्हाताऱ्या आईने तो पावसाळा लेकीच्या घरी काढला.

शेवटी गावातली चार माणसे बसली. मिस्त्री म्हणाला, "मला पंधराच हजार मिळाले." शेतकरी म्हणाला, "मी तीस दिले." तेव्हा त्याच्या आठवीतल्या मुलीने आपली वही आणली. वडिलांनी पैसे दिले की ती त्या दिवशीची तारीख आणि रक्कम लिहीत असे, आणि मिस्त्रीकाकांची सही घेत असे. तीन तारखा, तीन रकमा, तीन सह्या. बेरीज तीस हजार. मिस्त्रीने मान खाली घातली आणि ते तीस हजार कबूल केले. मापाचा तंटा मात्र वहीत नव्हता. तेथे निम्मे निम्मे करून तडजोड करावी लागली.

जे लिहिले होते त्यावर पाच मिनिटांत निकाल लागला. जे लिहिले नव्हते त्याने एक पावसाळा खाल्ला.

५. करारात काय लिहावे

आता कराराची कलमे एकेक पाहू.

कोण आणि कोठे. घरमालकाचे आणि ठेकेदाराचे पूर्ण नाव, गाव, वय. काम कोठे करायचे, त्या घराचा नंबर.

काम काय. "एक खोली बांधणे" एवढे पुरत नाही. पाया किती खोल, जोते किती उंच, भिंत किती इंची, छत स्लॅबचे की पत्र्याचे, गिलावा आतून की दोन्हीकडून, दारे किती, खिडक्या किती. एक साधा नकाशा काढून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. स्लॅब किंवा मजला असेल तर सळई किती जाडीची आणि किती अंतरावर, हे जाणत्या इंजिनियरकडून लिहून घ्यावे. जुन्या भिंतींवर मजला चढवण्याआधी तर हे केलेच पाहिजे.

माल कोणाचा. ठेका दोन तऱ्हांचा असतो. एक नुसत्या मजुरीचा, दुसरा मालासकट. मालासकट असेल तर सिमेंट, विटा, सळई कोणत्या प्रतीची, ते लिहा. फळ्या, बल्ल्या, पाणी आणि वीज कोणाची, हेही लिहा. नुसत्या मजुरीच्या ठेक्यात भांडण बहुतेक याच गोष्टींवरून निघते.

माप. चौरस फुटाचा दर असेल तर माप आतून की बाहेरून, छज्जा धरायचा की नाही, हे स्पष्ट लिहा. वाळू आणि खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी आली की टेप लावा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आणि आलेल्या आकड्याला १०० ने भागा. १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट उंच भरलेली गाडी म्हणजे बरोबर एक ब्रास. वाळूवाल्याकडून वाहतुकीचा सरकारी पास मागा. चोरटी वाळू स्वस्त पडते, पण ती पकडली तर गाडीवाल्याबरोबर आपणही चौकशीत सापडतो.

पैसे. पैसा कामाच्या मागून जावा, पुढून जाऊ नये. समजा मजुरी एक लाख ठरली. तर हप्ते असे पाडता येतील:

सुरुवातीची उचल १०,०००
पाया आणि जोते झाल्यावर १५,०००
भिंती पुऱ्या झाल्यावर २०,०००
स्लॅब पडल्यावर २०,०००
गिलावा झाल्यावर १५,०००
फरशी, दारे, खिडक्या झाल्यावर १०,०००
पहिला पावसाळा गळतीशिवाय गेल्यावर १०,०००

एकूण १,००,००० रुपये. शेवटचा हप्ता महत्त्वाचा आहे. स्लॅब गळतो की नाही हे पाऊसच सांगतो. पण हे कलम आधी ठरवून लिहिलेले हवे. काम संपल्यावर मनाला येईल तसे पैसे अडवून ठेवणे हा मिस्त्रीवर अन्याय आहे. त्याच्याही घरी चूल आहे, आणि त्याला मजुरांचा पगार दर आठवड्याच्या बाजारी द्यावा लागतो. घरमालकाने हप्ता चुकवला तर मिस्त्रीला काम थांबवता येईल, असेही कलम घाला. करार दोघांच्या रक्षणासाठी असतो.

मुदत. काम कोणत्या तारखेला सुरू, कोणत्या तारखेला पुरे. उशीर झाला तर दर दिवसाला अमुक रुपये, असे लिहिता येते. मात्र वाटेल तो आकडा घालून उपयोग नाही. असा दंड लिहिलेला असला तरी कोर्ट वाजवी भरपाई देते, आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त देत नाही. पाऊस, मालाचा तुटवडा, आजारपण अशा कारणांना सूट किती, तेही ठरवा.

वाढीव काम. हे कलम बहुतेक लोक विसरतात. काम चालू असताना घरातून आवाज येतो, "मिस्त्री, जाता जाता एक मोरी बांधून टाका." मिस्त्री बांधतो. घरच्यांना वाटते ती ठेक्यातच आली. मिस्त्री तिचे वेगळे पैसे लावतो. म्हणून लिहावे, की वाढीव काम आधी दर ठरवून, वहीत लिहून आणि दोघांच्या सह्या होऊनच करायचे.

अपघात. मजूर पडला, हात मोडला, तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? जो ठेकेदार मजूर आणतो त्याने ही जबाबदारी पत्करावी आणि ती करारात यावी. परातीबरोबर मजबूत शिडी आणि दोरही हवा.

दुरुस्ती. काम झाल्यावर भेगा गेल्या, गळती लागली, तर किती दिवसांपर्यंत मिस्त्रीने फुकट दुरुस्ती करून द्यायची, ते लिहा.

काम सोडल्यास. कोणी मधेच काम सोडले, तर झालेल्या कामाचे माप दोन पंचांसमक्ष घ्यायचे आणि त्याप्रमाणे हिशेब पुरा करायचा.

६. कराराचा नमुना

वरील कलमे धरून एक लहान नमुना देतो. हा मोठ्याने वाचा आणि मग आपल्या वहीत उतरवून काढा.

"करारनामा. तारीख ....... लिहून घेणार, घरमालक ......., राहणार ....... लिहून देणार, ठेकेदार ......., राहणार ....... घरमालकाच्या घर नंबर ....... ला सोबतच्या नकाशाप्रमाणे एक खोली वाढवण्याचे काम ठेकेदाराने पत्करले आहे. माल घरमालकाचा. मजुरी, फळ्या आणि बल्ल्या ठेकेदाराच्या. माप भिंतीच्या बाहेरून धरावे. दर चौरस फुटास ....... रुपये. पैसे खाली लिहिलेल्या हप्त्यांनी द्यावेत. प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी. काम तारीख ....... रोजी सुरू करून तारीख ....... रोजी पुरे करावे. वाढीव काम लेखी ठरल्याशिवाय करू नये. मजुरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ठेकेदाराची. काम पुरे झाल्यावर ....... महिन्यांत गळती किंवा दोष दिसल्यास ठेकेदाराने विनामूल्य दुरुस्त करावा. हप्ता ....... दिवसांहून अधिक थकल्यास ठेकेदारास काम थांबवता येईल. हा करार दोघांनी वाचून, समजून, राजीखुशीने केला आहे. सही घरमालक. सही ठेकेदार. साक्षीदार १. साक्षीदार २."

असा करार स्टॅम्प पेपरवर करावा. पूर्वी शंभर रुपयांचा स्टॅम्प घेऊन लोक काम भागवत. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर आणि दोनशे रुपयांच्या स्टॅम्पऐवजी पाचशेचा लागतो. काम मोठ्या रकमेचे असेल तर किती स्टॅम्प लागेल ते मुद्रांक विक्रेत्याला किंवा वकिलाला विचारून घ्या. स्टॅम्प कमी असेल तर करार रद्द होत नाही. पण उरलेले शुल्क आणि दंड भरल्याशिवाय कोर्ट तो पुराव्यात घेत नाही.

कराराच्या दोन प्रती करा. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. खाडाखोड झाली तर तिच्याजवळही सही हवी. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा. नुसता आकडा असला की त्यापुढे शून्य चढवणे सोपे जाते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठा उठवू नका. "मजकूर मागून लिहितो, घाई आहे" असे कोणी म्हणाले, तर उठून या. एखाद्याला वाचता येत नसेल, तर भरवशाच्या माणसाकडून सगळा कागद मोठ्याने वाचून घ्यावा, आणि "वाचून दाखविला, समजला" असे लिहून मगच निशाणी अंगठा करावा. समोरचा मिस्त्री निरक्षर असेल तर त्यालाही असाच कागद वाचून दाखवा. आपण शिकलो ते दुसऱ्याला फसवण्यासाठी नव्हे.

पैसे देताना शक्य तर बँकेतून किंवा फोनवरून द्या. त्याची नोंद आपोआप राहते. रोख दिले तर पावती घ्या. पाच हजारांहून जास्त रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे रसीदी तिकीट लावून त्यावर सही घ्यावी लागते. एक वही फक्त घराच्या कामासाठी ठेवा. तारीख, मजूर किती, सिमेंटची पोती किती, पैसे किती, रोज लिहा.

७. काम बिघडले तर

पहिले पाऊल बोलण्याचे. रागाने नव्हे, करार हातात घेऊन. कोणते कलम मोडले ते बोट ठेवून दाखवा. बहुतेक तंटे येथेच मिटतात.

दुसरे पाऊल पत्राचे. काय राहिले, किती दिवसांत पुरे करावे, हे लिहून स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती जपून ठेवा. जागेचे फोटो काढा. मिस्त्रीने पैसे घेऊन काम नुसते अर्धवट सोडले असेल, तर तो बहुधा दिवाणी तंटा असतो. पोलीस त्याच्याकडून भिंत बांधून घेऊ शकत नाहीत.

तिसरे पाऊल ग्राहक आयोगाचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरलेली आहे. ठेका घेऊन निकृष्ट काम केले किंवा अर्धवट सोडले, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे. मात्र आपल्या देखरेखीखाली नुसत्या रोजंदारीवर लावलेल्या गवंड्याची गोष्ट वेगळी आहे, तेथे हा कायदा लागू करणे अवघड जाते. चौकशीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

चौथे पाऊल दिवाणी कोर्टाचे. करार मोडल्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. मिस्त्रीची मजुरी बुडाली असेल तर त्यालाही काम झाल्यापासून तीच मुदत आहे.

वकिलाला पैसे नसतील तर? १९८७ सालच्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींचे लोक, अपंग, कामगार आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तेथे अर्ज द्यावा. फोनचा नंबर १५१०० आहे. तेथूनच लोकअदालतीतही जाता येते. लोकअदालतीत दोघांच्या संमतीने तडजोड होते, तिला कोर्टाच्या हुकुमाची किंमत असते, आणि तिच्यावर अपील नसते. म्हणून तेथेही सही करताना कागद पुरता वाचावा.

मंडळी, कोणी म्हणेल, एवढे कागद म्हणजे माणसावर अविश्वास. आम्हांला तसे वाटत नाही. माणूस खोटा नसतो, पण विसरतो. तीन महिन्यांपूर्वीचे बोलणे दोघांना दोन तऱ्हांनी आठवते. कागदाला एकाच तऱ्हेने आठवते. येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी काम निघणार आहे त्यांनी हा धडा घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावा. बायकांना आधी बोलवावे, कारण गळक्या छपराखाली स्वयंपाक त्यांनाच करावा लागतो.

कठीण शब्द

उचल: काम सुरू होण्याआधी दिलेले पैसे.
सामाईक: अनेकांचे मिळून असलेले.
हक्कसोडपत्र: आपला हिस्सा सोडल्याचा नोंदलेला दस्त.
पोहोच: अर्ज मिळाल्याची सही-शिक्क्याची खूण.
पंच: दोघांना मान्य असलेला तिऱ्हाईत माणूस.
सज्ञान: अठरा वर्षे पूर्ण झालेला.

अभ्यास

१. आपल्या घराचा नमुना ८ किंवा मिळकत पत्रिका पाहा. त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते वहीत लिहा.
२. एक खोली आतून १० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. भिंती नऊ इंची आहेत. बाहेरून माप किती होईल? चौरस फुटाला ३०० रुपये दराने दोन मापांतला फरक किती रुपये?
३. एक ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आहे. वाळू दीड फूट उंच भरली आहे. ब्रास किती?
४. ग्रामपंचायतीला खोली वाढवण्याच्या परवानगीचा अर्ज लिहा.
५. ५,५०० रुपये मिळाल्याची पावती लिहा. रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा. तिच्यावर काय लावावे लागेल?

उत्तरे पडताळून पाहा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: बाहेरून साडेअकरा फूट गुणिले साडेअकरा फूट, म्हणजे १३२ चौरस फूट आणि वर पाव, फरक ९,६७५ रुपये. तिसऱ्याचे उत्तर: ९० घनफूट, म्हणजे एक ब्रासला दहा घनफूट कमी. पैसे एका ब्रासचे मागितले, तर तेथेच टेप दाखवा.